रॉकमधल्या गायिका आणि वादक स्त्रिया नीट ऐकायच्या कशा

‘रॉकमधल्या बायकांची एक यादी दे ना,’ असं कुणी ना कुणी मला सारखं म्हणत असतं. मी देते. महिनाभराने विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘ऐकली. आवाज छान आहे सगळ्यांचा.’ त्या यादीतल्या निम्म्या जणी गातच नव्हत्या. एक बेस (खर्जाच्या सुरांची गिटार) वाजवत होती, एक ड्रम्सवर होती, एकीने अख्खा अल्बम स्वतः घडवला होता.

गडबड होते ती क्रमात. आधी व्हिडिओ पाहिला जातो, मग तिच्या आयुष्यातली शोकांतिका वाचली जाते आणि शेवटी गाणं लागतं, तेही भाजी चिरता चिरता, फोनच्या स्पीकरवर. तोवर तिचा चेहरा, कपडे, व्यसन, घटस्फोट यांनी डोकं भरून गेलेलं असतं. घरी चार-पाच जणांना बसवून ऐकता ऐकता जो क्रम उपयोगी पडला, तो खाली देतेय. मधला टप्पा गाळला तर पुढचा हाती लागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

## तयारी

साधन. हेडफोन हवा. शे-दोनशे रुपयांचा, वायरचा, कानात नीट बसणारा असला तरी चालेल. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो, आणि फोनचा एवढासा स्पीकर इतका खालचा सूर काढूच शकत नाही. बेस जातो, ड्रम्सच्या पायाच्या ठोक्यातला जीव जातो, उरतो फक्त गळा. ‘आवाज छान आहे’ हे मत बऱ्याचदा फोननेच बनवून दिलेलं असतं.

वेळ. एका बैठकीला पाऊण तास आणि तीन गाणी. जास्त नकोत. प्रत्येक गाणं चार-पाच वेळा ऐकायचं आहे.

सेटिंग. ॲपमधला ‘बेस बूस्ट’ बंद करा आणि एका गाण्यामागून दुसरं आपोआप लागणंही बंद करा. फोन पालथा ठेवा. शेजारी वही-पेन.

तपासणी. टॉकिंग हेड्सचं १९७७ सालचं ‘सायको किलर’ लावा. सुरुवातीला ऐकू येतो तो बेस, टीना वेमथचा. तो भरीव, अंग असलेला ऐकू आला तर पुढे जा. नुसती टकटक ऐकू आली तर आधी साधन बदला.

## टप्पा १: यादी कामाप्रमाणे लावा

‘फिमेल रॉक’ नावाच्या तयार प्लेलिस्टपासून सुरुवात करू नका. त्यात पंक, मेटल, फोक-रॉक, ब्लूज सगळं एकाच पातेल्यात ओतलेलं असतं. त्या गाण्यांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माइकसमोर बाई आहे. ही ऐकण्याची दिशा होऊ शकत नाही. किराणा घराण्याची गायिका आणि लावणी गाणारी कलावंत यांना ‘बायकांचं गाणं’ म्हणून एका दमात ऐकवलं तर आपण मान्य करू का?

वहीत पाच रकाने आखा: गळा, बेस, ड्रम्स, गिटार, लेखन-निर्मिती. प्रत्येकात दोनच नावं. एकच बाई दोन रकान्यांत आली तरी चालेल, येतेच. पण गळ्याचा रकाना सगळ्यांत शेवटी भरा. तो आधी भरला की बाकीचे रिकामे राहतात, हा माझा दर वेळचा अनुभव.

## टप्पा २: पहिलं ऐकणं, डोळे मिटून

गाणं पहिल्यांदा नुसतं ऐका. काही शोधू नका.

दुसऱ्यांदा ऐकताना मांडीवर ठेका धरा. इथे आपल्याकडचे बरेच जण चुकतात. आपला हात समेच्या सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. रॉकमध्ये बहुतेक वेळा चार मात्रा असतात आणि स्नेअर या चपट्या ड्रमचा कडक ठोका येतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. टाळी तिथे द्या. पहिल्यावर देत राहिलात तर गाणं जड आणि एकसुरी वाटेल आणि दोष वाजवणारीच्या माथी जाईल.

तपासणी. अर्धं गाणं होईपर्यंत हात न चुकता दोन-चारवर पडतोय का? नसेल तर तिसऱ्यांदा ऐका. पुढच्या टप्प्याची घाई नको.

## टप्पा ३: गळ्याचं काम ओळखा

आपला कान भावगीतावर पोसलेला. गोडवा, स्वच्छ सूर, शब्दांचा लाघवी उच्चार ही आपली मापं. रॉकमधल्या गळ्याला ती लावली की खरखर म्हणजे दोष वाटतो आणि फुटलेला आवाज म्हणजे रियाजाची कमतरता. या गळ्यांमध्ये खरखर हे रंगाचं काम करते. कुठे आणायची, कुठे आवरायची हे गाणारी ठरवते.

सरावासाठी एकच गाणं दोन गळ्यांतून ऐका. ‘पीस ऑफ माय हार्ट’ १९६७ साली अर्मा फ्रँकलिनने गायलं आणि १९६८ साली बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनीबरोबर जॅनिस जॉप्लिनने. आधी अर्मा ऐका: सूर पक्का, मागे कोरस, वेदना आवरून धरलेली. मग जॅनिस: तोच मुखडा, पण ती शब्द ओरबाडून काढते, एका अक्षरावर दोन-दोनदा घसरते, गिटारही तिच्यासारखीच बेलगाम. दोघींत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न वहीत लिहू नका. कोणत्या शब्दावर कुणी काय केलं, ते लिहा.

नंतर द क्रॅनबेरीजचं १९९४ सालचं ‘झॉम्बी’. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच चार कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) फिरत राहतात, त्यामुळे गाण्याची सगळी चढण डोलोरेस ओ'रिऑर्डनच्या गळ्यावर येते. कडव्यात ती जवळजवळ बोलल्यासारखं, खाली गाते. ध्रुवपदात छातीतला आवाज मुद्दाम मोडून क्षणात वरच्या, पातळ आवाजात उडी मारते आणि परत येते. आपल्या खटक्या-मुरकीशी याची गल्लत करू नका. तिथे सूर वळतो, इथे आवाजाची जातच बदलते.

तिसरं, रोलिंग स्टोन्सचं १९६९ सालचं ‘गिमी शेल्टर’. तीन मिनिटं होता होता पाहुणी गायिका मेरी क्लेटनचा आवाज सगळ्यात वरच्या जागी तडकतो. ती जागा तशीच ठेवली गेली, आणि आज अख्ख्या गाण्यातली तीच जागा लोकांना आठवते.

सावधान. ‘बाई असून पुरुषासारखं गाते’ ही दाद नव्हे. त्यात तिने काय केलं हे कळतच नाही, फक्त आपली अपेक्षा काय होती ते कळतं.

तपासणी. प्रत्येक गळ्याबद्दल तीन क्रियापदं लिहा: ओढते, तोडते, कुजबुजते, रोखते, घसरते. ‘दमदार’ आणि ‘गोड’ हे दोन शब्द वहीतून हद्दपार.

## टप्पा ४: गळा सोडा, हात ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक सगळ्यात लवकर कंटाळतात तेही इथेच.

बेस. युक्ती सोपी आहे. बेसची ओळ स्वतः गुणगुणा. ती तोंडात आली की पुढच्या वेळी कानाला आपोआप सापडते. ‘सायको किलर’वरच सराव करा. मग जो कॉकरचं १९६९ सालचं ‘फीलिन' ऑलराइट’ घ्या. त्यातला बेस कॅरल के हिचा. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत ती आधी गिटार वाजवायची. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही, तेव्हा तिने बेस हातात घेतला आणि तीच पुढे त्या शहरातल्या सगळ्यात व्यग्र बेसवादकांपैकी एक झाली. ती बोटांऐवजी प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने वाजवते, म्हणून प्रत्येक सुराच्या सुरुवातीला छोटी टणक कड ऐकू येते. ती कड शोधा. या गाण्यात गाणारा पुरुष, पियानो पुढे, आणि आपले खांदे हलतात ते बहुतांशी तिच्या बेसमुळे. बीच बॉइजच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’मध्येही ती आहे. ज्या रेकॉर्ड आपण वर्षानुवर्षं ‘पुरुषांच्या’ म्हणून ऐकल्या, त्यांत बाईचा हात कुठे आहे ते शोधणं हा या टप्प्याचा खरा अभ्यास.

ड्रम्स. इथे ‘किती वाजवलं’ मोजू नका, ‘काय टाळलं’ ते मोजा. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर उभी राहून वाजवायची. पायाने वाजवायचा बेस ड्रम तिने आडवा करून ठेवलेला, हातात काठ्यांऐवजी मऊ डोक्याचे मॅलेट आणि झांजांचा वापर जवळजवळ नाही. १९६७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं ‘हेरॉइन’ ऐका: लय हळूहळू धावायला लागते, मग परत मंदावते, आणि मागचा ठोका छातीतल्या धडधडीसारखा तिच्याबरोबर जातो. तिथे चकचकीत झांजा असत्या तर ही धडधड झाकली गेली असती.

मेग व्हाइटबद्दल ‘तिला वाजवता येत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे मला नेहमी भेटतात. त्यांना मी द व्हाइट स्ट्राइप्सचं २००३ सालचं ‘सेव्हन नेशन आर्मी’ लावून देते आणि एकच काम देते: झांज पहिल्यांदा कधी फुटते ते सांगा. तोवर तिने काय काय राखून ठेवलं होतं ते तेव्हा ऐकू येतं. त्या बँडमध्ये दोनच माणसं होती, बेसवादक नव्हता. सुरुवातीचा तो जाड सूर गिटारचाच आहे, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेला. एवढ्या मोकळ्या जागेत भरगच्च ड्रम्स वाजवले असते तर गाण्याचा श्वासच कोंडला असता. माझ्या मते हे ड्रमिंग नेमकं आहे, आणि नेमकेपणा अवघड असतो.

उलट टोकासाठी द गो-गोजचं ‘वी गॉट द बीट’ घ्या. जीना शॉकचे ड्रम्स गाण्याचं दार उघडतात आणि पुढे कुणाला दम घेऊ देत नाहीत. १९८१ साली आलेला त्यांचा अल्बम पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. स्वतःची गाणी लिहून, स्वतःच वाद्यं वाजवून तिथवर पोचलेला तो बायकांचा पहिला बँड.

गिटार. सोलो, म्हणजे एकट्या गिटारची जागा, कधी येतो याची वाट बघत बसू नका. गाण्याला साथ देणारी रिदम गिटार ऐका. प्रिटेंडर्समध्ये क्रिसी हाइंड गाता गाता ती वाजवते, आणि उजव्या हाताने गाण्याचा कणा ताठ ठेवते. हार्टच्या ‘क्रेझी ऑन यू’ची सुरुवात ऐका: नॅन्सी विल्सन, अकूस्टिक गिटार, एकटी. बॉनी रेटची स्लाइड ऐकताना आपल्या कानाला पटकन आधार सापडतो. तारेवरून नळी घसरवत एका सुरातून दुसऱ्या सुरात जाणं आपण मींड म्हणून ओळखतोच.

जोनी मिचेलची गिटार ऐकून ‘हे कॉर्ड मला यूट्यूबवर बघूनही जमत नाहीत’ असं शिकणारी मुलं म्हणतात. कारण साधं आहे. लहानपणी झालेल्या पोलिओने तिचा डावा हात कमजोर झाला, म्हणून तिने तारा वेगवेगळ्या सुरांना लावून घेतल्या आणि डाव्या हाताचं काम कमी केलं. नेहमीच्या जुळणीत ते सूर सापडणारच नाहीत. आधी तारा तशा लावा.

स्लीटर-किनीमध्ये दोन गिटार आणि ड्रम्स आहेत, बेस नाहीच. कोरिन टकर आणि कॅरी ब्राउनस्टीन यांनी गिटारी नेहमीपेक्षा दीड सुराने खाली लावल्या आहेत, त्यामुळे तळ भरतो. १९९७ चा ‘डिग मी आउट’ लावा आणि एका फेरीत फक्त एकीच्या गिटारमागे जा, दुसऱ्या फेरीत दुसरीच्या. दोन्ही वेगळ्या धरता आल्या की हा टप्पा झाला.

तपासणी. या टप्प्यातल्या कोणत्याही तिघींचे हात ओळखता येतात का, गाणाऱ्याचा आवाज न ऐकता? नसेल तर इथेच आणखी एक बैठक.

## टप्पा ५: नावं तपासा

आपल्या मैफलीत निवेदक तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे आधी सांगतो. रॉकमध्ये ते काम ऐकणाऱ्यालाच करावं लागतं. ॲपमध्ये गाण्यासमोरच्या तीन टिंबांत श्रेयनामावली असते, पण ती बऱ्याचदा अपुरी. एलपीचं कव्हर किंवा सीडीची पुस्तिका जास्त भरवशाची. माझ्याकडच्या बऱ्याच जुन्या कॅसेटांवर आतला कागद एकाच घडीचा होता आणि वादकांची नावं गाळलेली होती. आपल्या पिढीला ही नावं ठाऊक नसण्याचं तेही एक कारण आहे.

छापील नावावरही डोळे झाकून विसंबू नका. पिक्सीजच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर ‘मिसेस जॉन मर्फी’ असं नाव आहे, ती त्यांची बेसवादक किम डील. नवऱ्याच्या नावाने ओळखलं जाण्यावरची ती तिची टिप्पणी होती. ‘गिमी शेल्टर’च्या पहिल्या कव्हरवर मेरी क्लेटनच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. आणि पिंक फ्लॉइडचं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’! शब्दांशिवाय रंगत गेलेला तो आलाप १९७३ च्या जानेवारीत क्लेअर टोरीने गायला, मानधन ३० पौंड. गायिका म्हणून नाव होतं, पण रचनेचं श्रेय बँडमधल्या एकट्या रिचर्ड राइटला. २००४ साली तिने दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर रचनेत तिचं नाव लागलं. तुमच्याकडची प्रत जुनी असेल तर त्यावर ते नसेल.

लिहिणारी कोण आणि घडवणारी कोण, हे वेगळं तपासा. फ्लीटवूड मॅकच्या १९७७ च्या ‘रूमर्स’मधलं सगळं स्टीव्ही निक्सच्या नावावर टाकायची चूक सर्रास होते. ‘ड्रीम्स’ तिचं, पण ‘डोन्ट स्टॉप’ आणि ‘साँगबर्ड’ क्रिस्टीन मॅकव्हीची, आणि कीबोर्डवरही तीच. केट बुशचा १९८५ चा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ तिने स्वतः लिहिला आणि निर्मितीही स्वतःच केली, घराजवळ उभारलेल्या स्वतःच्या स्टुडिओत.

तपासणी. वहीत प्रत्येक गाण्यापुढे चार नावं हवीत: लिहिणारी व्यक्ती, गाणारी, मुख्य वादक, निर्माता. एक जागा रिकामी असेल तर ‘आवडलं’ असं लिहू नका अजून.

## टप्पा ६: शब्द

आता शब्द वाचा. बाईने ‘मी’ म्हटलं की ती तिची रोजनिशीच, असं धरून चालणं ही इथली मोठी चूक. ‘झॉम्बी’ प्रेमभंगाचं गाणं म्हणून ऐकणारे मी पाहिलेत. ते १९९३ साली इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला झालेल्या बॉम्बस्फोटात दोन मुलं गेली, त्यावर आहे. पी जे हार्वीचा २०११ चा ‘लेट इंग्लंड शेक’ युद्धावर आहे.

गाणारं माणूस बदललं की अर्थ कसा बदलतो, हे तपासायला ‘हाउंड डॉग’ आहे. एल्विसचं १९५६ चं सगळ्यांना पाठ. त्याआधी १९५३ साली ते बिग मामा थॉर्नटनचं म्हणून आलं होतं. तिच्या तोंडी ते आयत्या बिळावर नागोबा झालेल्या पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं गाणं आहे. एल्विसकडे शब्द बदलले आणि खरोखरच्या कुत्र्याचं झालं. आधी थॉर्नटन ऐका, मग एल्विस. उलट नको.

याच्या जोडीला एव्हानेसन्सचं ‘ब्रिंग मी टू लाइफ’ही दोनदा ऐका. २००३ च्या ध्वनिमुद्रणात पुरुषाचा आवाज आहे, तो रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाने घातलेला. २०१७ च्या वाद्यवृंदाच्या आवृत्तीत गायिका एमी लीने तो काढून टाकला. तो गेल्यावर कोणत्या ओळी मोकळ्या झाल्या, खुणा करा.

## टप्पा ७: आता पडदा उघडा

चेहरा आता पाहायला हरकत नाही, पण नजर हातांवर ठेवा.

सुरुवात सिस्टर रोझेटा थार्पपासून. मे १९६४, मँचेस्टरमधलं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर कलाकार, नुकताच पाऊस पडून गेलेला. अंगात कोट, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार, आणि तिने सुरू केलं ‘डिडन्ट इट रेन’. पहिल्यांदा उजवा हात पाहा, दुसऱ्यांदा डावा. ती गाण्याची ओळ अर्ध्यात सोडते आणि गिटार ती पुरी करते. त्या जागा मोजा.

मुंबईकरांसाठी एक वेगळा गृहपाठ. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. त्या दौऱ्यात त्याची मुख्य गिटारवादक होती जेनिफर बॅटन. जे तिथे होते त्यांना विचारा, गिटारवर कोण होतं? मी विचारलेल्यांपैकी कुणालाही सांगता आलं नाही. त्या दौऱ्याची चित्रफीत लावा आणि पाच मिनिटं फक्त तिच्याकडे पाहा.

सावधान. चित्रफितीत कॅमेरा सोलोच्या वेळीही गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर असेल तर डोळे मिटा. टप्पा ४ पुन्हा.

## टप्पा ८: चरित्र सगळ्यात शेवटी

जॅनिस जॉप्लिनचं नाव काढलं की लोक २७ व्या वर्षीच्या मृत्यूपासून सुरू करतात. ती गेली ४ ऑक्टोबर १९७० ला. त्याच्या तीन दिवस आधी तिने ‘मर्सिडीज बेन्झ’ गायलं: एकही वाद्य नाही, ठेक्याला पाय, एकाच दमात पुरं, आणि शेवटी ते मोकळं हसू. चरित्र उघडण्याआधी हे गाणं आणि तिच्या पायाचा ठेका ऐका. मग वाचलेलं दुःख गाण्यावर सांडत नाही.

## जवळच्या मैफलीला जाताना

शिलाँगच्या सोलमेटमधली तिप्रिती खारबांगर ब्लूज-रॉक गाते, आणि मुंबईची मोहिनी डे बेसवर जगभरच्या मोठ्या वादकांबरोबर वाजवते. त्यांचा कार्यक्रम जवळपास असला तर सोडू नका. कॉलेजच्या बँडमध्ये मुलगी ड्रम्सवर असेल तर तिथेही जा. मध्यभागी उभं राहू नका. बेस किंवा ड्रम्सच्या बाजूला, हात दिसतील असं उभं राहा. ‘मुलगी असून किती छान वाजवते’ हे तिने त्या दिवशी आधीच तीनदा ऐकलेलं असतं. एखादी जागा धरून बोला: दुसऱ्या कडव्यात तू झांज थांबवलीस, ते आवडलं. मग तिचं नाव विचारा, आणि स्पेलिंगही नीट लिहून घ्या.